कॉपी प्रोटेक्शन असलेल्या जुन्या गेम फ्लॉपींचा बॅकअप नक्की कसा घ्यावा?

पर्वतीपायथा

पावसाळा तोंडावर आलाय. पुण्यातल्या माळ्यांवर आणि लोखंडी कपाटांत पडून असलेल्या फ्लॉपींना बुरशी धरायचे दिवस हेच. त्याआधी मूळ गेम डिस्कचा बॅकअप घ्यायचा आहे. तीन प्रकारच्या डिस्क आहेत: पीसी-एक्सटीच्या सव्वापाच इंची ३६० केबी, कमोडोर ६४च्या सव्वापाच इंची आणि अमिगाच्या साडेतीन इंची. तिन्हींवर प्रोटेक्शन आहे.

डॉसची डिस्ककॉपी शेवटच्या काही ट्रॅकवर (चकतीवरच्या वर्तुळांवर) एरर देते. अमिगाची प्रत पूर्ण होते, पण गेम सुरू होताच काळा पडदा. कमोडोरची प्रत लोड होताना ड्राइव्ह खडखड करून थांबतो.

प्रश्न असे: साधी प्रत का चालत नाही? कोणते सामान लागेल? आणि बॅकअप म्हणजे फाइल ठेवायची की दुसरी फ्लॉपी बनवायची? क्रॅक केलेल्या, म्हणजे प्रोटेक्शन काढून टाकलेल्या आवृत्त्या नेटवर असतात हे माहीत आहे. मला मूळ डिस्क आहे तशीच जपायची आहे.

फ्लक्सवाला

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो समजला की पुढचे आपोआप सुटते.

डिस्ककॉपी चकतीची प्रत करत नाही. ती कंट्रोलरला (ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपला) विचारते, "ट्रॅक अमुक, सेक्टर तमुक दे", आणि सेक्टरमधले, म्हणजे ट्रॅकच्या त्या तुकड्यातले, ५१२ बाइट दुसरीकडे लिहिते. सेक्टरच्या बाहेर जे काही आहे ते तिला दिसतच नाही. प्रोटेक्शन नेमके तिथे बसवलेले असते.

पीसीची ३६० केबी डिस्क मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे एक फेरा २०० मिलिसेकंद. २५० किलोबिटच्या वेगाने त्यात ६२५० बाइट मावतात. त्यातले ९ × ५१२ = ४६०८ बाइट सेक्टरांचे, बाकीचे हेडर (सेक्टरची ओळख), सिंक (सुरुवातीची खूण) आणि मोकळ्या फटी. प्रोटेक्शन करणारे इथे बऱ्याच गोष्टी करतात. सेक्टरला १ ते ९ सोडून भलताच क्रमांक देतात. 'डिलीटेड डेटा'ची खूण लावतात. मुद्दाम चुकीचा सीआरसी (डेटा बरोबर आहे का ते पडताळायचा आकडा) लिहितात. किंवा हेडरमध्ये सेक्टरचा आकार ८१९२ बाइट असल्याचे लिहून ठेवतात. ६२५० बाइटच्या ट्रॅकवर ८१९२ बाइटचा सेक्टर मावणारच नाही, तो फिरून स्वतःच्याच हेडरवर येतो आणि सीआरसी एरर येते. गेम तीच एरर आली का ते तपासतो. तुमच्या प्रतीत तो सेक्टर नीट वाचला गेला किंवा सापडलाच नाही, तर गेमच्या लेखी ती नक्कल.

सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे दर वाचनाला वेगळा निघणारा डेटा. त्याचे दोन उपप्रकार आहेत. वीक बिटमध्ये चकतीवर काही लांबीपर्यंत चुंबकीय बदलच नसतो. ड्राइव्हचा अॅम्प्लिफायर सिग्नल शोधत गेन वाढवत नेतो आणि गोंगाटालाच बिट समजतो. फझी बिटमध्ये बदल असतो, पण अशा वेळी येतो की कंट्रोलरला तो कधी या खिडकीत दिसतो, कधी पुढच्या. अटारी एसटीवरचा १९८७चा डंजन मास्टर यासाठी प्रसिद्ध आहे. साधा कंट्रोलर असले काही लिहू शकत नाही, त्यामुळे प्रत कितीही काळजीपूर्वक करा, तपासणीत अडकणारच.

म्हणून आता सेक्टर वाचण्याऐवजी फ्लक्स वाचतात. हेडखालून (ड्राइव्हच्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागाखालून) प्रत्येक चुंबकीय बदल किती मायक्रोसेकंदांनी गेला, तेवढेच नोंदवायचे. अर्थ नंतर लावायचा.

निवांत_पेठकरी

काहीही करायच्या आधी राइट प्रोटेक्ट! सव्वापाच इंचीला कडेची चौकोनी खाच झाकायची, साडेतीन इंचीला कोपऱ्यातले भोक उघडायचे. दोन्ही उलट आहेत आणि घाईत इथेच गडबड होते.

खाच झाकायला पारदर्शक सेलोटेप चालत नाही. बऱ्याच ड्राइव्हमध्ये तिथे प्रकाशाचा सेन्सर असतो, त्याला टेप दिसतच नाही. काळी इन्सुलेशन टेप लावा, पण तिचा डिंक उन्हाळ्यात सुटतो, म्हणून काम झाले की काढून टाका.

सोल्डरगन

सामानाबद्दल लिहितो.

आज सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे ग्रीसवीझल. कीर फ्रेझर यांचा हा प्रकल्प, सॉफ्टवेअर मुक्त आहे. छोटे यूएसबी बोर्ड असते, त्याला ३४ पिनी एफआरसी (सपाट पट्टीच्या) केबलने पीसीचा साधा फ्लॉपी ड्राइव्ह जोडायचा. बोर्ड ऑनलाइन मागवा. बाकीचे पुण्यात मिळते: केबल, कनेक्टर आणि मोलेक्सच्या वायरी पासोड्या विठोबाच्या आसपास, बुधवार पेठेत. सव्वापाच इंची ड्राइव्हसाठी जुना बाजार धुंडाळावा लागेल, बुधवार-रविवारी. घेताना दार लावून बघा, हेड उचलले जातात का ते पाहा, आणि हेडची पट्टी बोटाने ओढू नका. वरच्या हेडची स्प्रिंग एकदा वाकली की ड्राइव्ह कामातून गेला.

जोडणीत तीन ठिकाणी लोक अडकतात.

साडेतीन इंची ड्राइव्हला पिनांचा कनेक्टर असतो, सव्वापाच इंचीला पट्टीचा, म्हणजे कार्ड-एज. दोन्ही टोकांची केबल तयार मिळाली तर उत्तम. नाही तर कार्ड-एज कनेक्टर केबलवर व्हाइसमध्ये दाबून बसवायचा. पट्टीवरची खाच पिन १-२ च्या बाजूला असते आणि केबलची लाल तार त्याच बाजूला.

पीळ असलेली केबल वापरली तर पिळानंतरचा ड्राइव्ह 'ए', सरळ केबलवर तोच ड्राइव्ह 'बी'. सॉफ्टवेअरमध्ये ड्राइव्ह 'बी' सांगितला नाही, तर दिवाच लागत नाही आणि लोक बोर्ड खराब म्हणून परत पाठवतात.

तिसरी गोष्ट वीज. बहुतेक साडेतीन इंची ड्राइव्ह नुसत्या ५ व्होल्टवर चालतात, ते यूएसबीतून भागते. सव्वापाच इंचीच्या मोटरला १२ व्होल्ट लागतात, त्यासाठी वेगळा एसएमपीएस हवाच. मोलेक्सवर पिवळी तार १२, लाल ५, दोन काळ्या ग्राउंड. जुन्या एसएमपीएसचा भरवसा धरू नका, ड्राइव्ह जोडायच्या आधी मल्टिमीटर लावा.

हिशेबनीस

एवढा खटाटोप कशाला? क्रॅक आवृत्ती चालते, इम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) खेळता येते. प्रोटेक्शन हा गेमचा भाग नाही, ते दाराचे कुलूप आहे. कुलूप जपून काय मिळणार?

फ्लक्सवाला

@हिशेबनीस, दोन व्यावहारिक कारणे आहेत.

एक, क्रॅक करताना फाइल बदलते. लोडर काढला जातो, एका डिस्कवर बसावे म्हणून चित्रे किंवा संगीत कापले जाते, आधी क्रॅक करणाऱ्या गटाच्या नावाचा पडदा घातला जातो. दोन, अनेक गेममध्ये तपासणी एकदाच होत नाही. पहिली तपासणी काढली की गेम सुरू होतो, पण दुसरी चार लेव्हलनंतर शांतपणे काही तरी बिघडवते: दार उघडत नाही, शत्रू मरत नाही. क्रॅक करणाऱ्याने तिथपर्यंत खेळून पाहिले नसेल, तर ती आवृत्ती कायमची अर्धवट राहते. ती अर्धवट आहे हे ठरवायला शेवटी मूळ डिस्कच लागते.

पुस्तकी_कीडा

थोडे विषयांतर. प्रोटेक्शन नेहमी डिस्कवरच असते असे नाही. प्रिन्स ऑफ पर्शियाच्या डॉस आवृत्तीत पहिल्या लेव्हलनंतर बाटल्यांची खोली येते आणि माहितीपुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या शब्दाचे पहिले अक्षर विचारतात. फ्लॉपीची प्रत तिथे साध्या डिस्ककॉपीनेही होते, पण पुस्तिका हरवली की डिस्क निरुपयोगी. मंकी आयलंडची कोड शोधायची फिरती चकती तशीच.

पुस्तिका ३०० डीपीआयला, रंगीत स्कॅन करा. काही कंपन्या झेरॉक्स निघू नये म्हणून गडद लाल कागदावर काळी छपाई करत. रंगीत स्कॅन घेऊन त्यातला फक्त लाल चॅनेल वेगळा काढला की कागद उजळ होतो आणि अक्षरे काळीच राहतात. कोडची फिरती चकती असेल, तर मधली रिव्हेट काढू नका, एकेक घर फिरवून प्रत्येक स्थिती स्कॅन करा.

बुरशीमार

पावसाळ्याचा मुद्दा धाग्यात वाहून जायला नको.

डिस्क ड्राइव्हमध्ये घालायच्या आधी पाकिटाच्या खिडकीतून (हेड टेकतो त्या फटीतून) चकती हाताने हळू फिरवून दोन्ही बाजू तिरप्या उजेडात बघा. पांढरे किंवा करडे ठिपके, कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसली तर ती बुरशी. अशी डिस्क घातली, तर हेडला कण चिकटतात आणि पुढच्या फेऱ्यात तेच कण चकती खरवडतात. डिस्क किंचाळल्यासारखा आवाज करू लागली, तर त्याच क्षणी बाहेर काढा. एक फेरा २०० मिलिसेकंदांचा असतो, विचार करायला पाच सेकंद घेतलेत तर पंचवीस फेरे झाले.

स्वच्छतेसाठी ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मेडिकलमधल्या स्पिरिटमध्ये पाणी आणि इतर द्रव्ये असतात, त्यांचे डाग राहतात. सव्वापाच इंचीचे पाकीट वरच्या कडेने ब्लेडने उघडा. चकती बाहेर काढण्याआधी लेबलच्या बाजूला, मधल्या भोकाजवळ मार्करचा बारीक ठिपका करा. बाजू ० खाली असते, लेबलच्या विरुद्ध. चकती उलटी बसली तर सगळे उलटे वाचले जाईल. मायक्रोफायबरच्या तुकड्याला थोडे अल्कोहोल लावून मधून कडेकडे पुसा. गोल गोल पुसू नका, कारण ओरखडा ट्रॅकच्या दिशेने गेला तर अख्खा ट्रॅक जातो, आडवा गेला तर प्रत्येक ट्रॅकचे चार बिट.

आधी अगदी बाहेरच्या कडेवर, जिथे ट्रॅक नसतात तिथे, हलके पुसून बघा. कापडाला तपकिरी रंग आला, तर चकतीचा थरच सुटतो आहे. मग अल्कोहोल बंद, आणि ती डिस्क अनुभवी माणसाकडे द्या.

चकती पूर्ण वाळवा आणि दुसऱ्या स्वच्छ पाकिटात घालून वाचा. जुन्या पाकिटाच्या आतल्या अस्तरात बीजाणू राहतात. तोंडाला मास्क लावा. अशा प्रत्येक डिस्कनंतर हेड पुसा, न चुकता.

निवांत_पेठकरी

@बुरशीमार, बुरशी नसेल तर पुसू नये, हेही लिहा. स्वच्छ दिसणारी डिस्क आधी वाचायची.

बुरशीमार

बरोबर. बुरशी नसेल तर हात लावू नये. वाचन झाल्यावर झिप पिशवीत सिलिका जेलसह ठेवा आणि आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास राखा. सिलिकाचे मणी रंग बदलणारे घ्या, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये कधी भाजून वाळवायचे ते कळते.

ड्राइव्ह_१५४१

कमोडोरबद्दल. इथे गणित वेगळे आहे.

१५४१ ड्राइव्हमध्ये स्वतःचा ६५०२ प्रोसेसर आणि २ केबी रॅम आहे. डिस्कवर ३५ ट्रॅक, पण सेक्टर सगळीकडे सारखे नाहीत: ट्रॅक १ ते १७ वर २१, १८ ते २४ वर १९, २५ ते ३० वर १८, ३१ ते ३५ वर १७. एकूण ६८३. बिट चकतीवर लिहायची पद्धत पीसीसारखी एमएफएम नाही, जीसीआर आहे: चार बिटांचे पाच बिट.

खडखडीचे कारण सांगतो. या ड्राइव्हला शून्य ट्रॅक ओळखणारा सेन्सर नाही. वाचताना चूक आली, की ड्राइव्हचे रॉम हेड मागे ढकलत नेऊन अडसरावर आपटवते आणि पुन्हा मोजणी सुरू करते. जुन्या प्रोटेक्शनमध्ये मुद्दाम खराब सेक्टर ठेवत, आणि गेमला २१ किंवा २३ क्रमांकाची एरर यायलाच हवी असे. त्यामुळे मूळ गेमसुद्धा दर वेळी ड्राइव्हला ठोकत असे आणि हेडची अलाइनमेंट हळूहळू सरकत असे. बॅकअपची गरज त्या काळी या कारणानेही होती.

असा साधा एरर-प्रकार असेल, तर डी६४ फाइलसुद्धा (डिस्कच्या सगळ्या सेक्टरांची प्रत) पुरते, फक्त एरर नोंदी असलेली घ्या. साधी डी६४ १,७४,८४८ बाइटची, एरर नोंदींसह १,७५,५३१. फरक बरोबर ६८३चा आहे, दर सेक्टरला एक बाइट. फाइलचा आकार बघूनच कळते.

नंतरच्या प्रोटेक्शनला हे पुरत नाही. ३५च्या पुढचे ट्रॅक, दोन ट्रॅकच्या मधले अर्धे ट्रॅक, सिंकची मुद्दाम वेगळी लांबी, भलत्याच झोनचा (वरच्या चार ट्रॅक-गटांपैकी दुसऱ्याच गटाचा) वेग. त्यासाठी ट्रॅकचे कच्चे जीसीआर वाचून जी६४ किंवा निब फाइल करावी लागते. झूमफ्लॉपी बोर्ड (कमोडोरचा ड्राइव्ह यूएसबीने पीसीला जोडणारे) आणि निबटूल्स हे सॉफ्टवेअर वापरा. पण बाहेरच्या ट्रॅकवर साडेसात हजारांहून जास्त बाइट असतात आणि ड्राइव्हची रॅम २ केबी. अख्खा ट्रॅक साठवता येत नाही, तो येईल तसा बाहेर पाठवावा लागतो, आणि नेहमीची सिरियल केबल तेवढी वेगवान नाही. म्हणून १५४१ला आतून समांतर केबल सोल्डर करावी लागते. १५७१ ड्राइव्ह असेल, तर सोल्डरिंगशिवाय काम होते.

पर्वतीपायथा

@ड्राइव्ह_१५४१, कमोडोरची डिस्क पीसीच्याच ड्राइव्हमध्ये ग्रीसवीझलने वाचता येणार नाही का? दोन ड्राइव्ह सांभाळण्यापेक्षा बरे.

ड्राइव्ह_१५४१

पहिली बाजू येते. अडचण दुसऱ्या बाजूची. कमोडोरचा ड्राइव्ह एका बाजूचाच, त्यामुळे दुसऱ्या बाजूसाठी डिस्क उलटी घालत. उलटी घातली की पाकिटाचे इंडेक्स भोक (फेरा कुठे सुरू होतो ते सांगणारे) ड्राइव्हच्या सेन्सरसमोर येत नाही. १५४१ इंडेक्स भोक बघतच नाही, म्हणून तिथे चालते. पीसीचा ड्राइव्ह मात्र इंडेक्सची वाट बघत बसतो. ड्राइव्हमध्ये बदल करून ते जमवणारे लोक आहेत, पण तुमच्याकडे चालू १५४१ असेल तर तीच वापरा.

कॉपरलिस्ट

अमिगा राहिलाच. याचा कंट्रोलर सेक्टर वाचतच नाही, अख्खा ट्रॅक रॅममध्ये ओततो आणि सॉफ्टवेअर त्यातून ४४८९ ही सिंक शोधते. एका ट्रॅकवर ११ सेक्टर, ८० सिलिंडर (दोन्ही बाजूंचे समोरासमोरचे ट्रॅक), दोन बाजू, ८८० केबी. गेम बनवणाऱ्यांना म्हणून मोकळे रान मिळाले: सिंकच बदला, सेक्टरच ठेवू नका, स्वतःचाच फॉरमॅट करा. एक्स-कॉपीसारखे प्रोग्रॅम यातले बरेच कॉपी करत.

दोन गोष्टी मात्र अमिगाला स्वतःला लिहिताच येत नाहीत. पहिली लांब ट्रॅक. २ मायक्रोसेकंदांच्या बिटने २०० मिलिसेकंदांत १ लाख बिट बसतात. कारखान्यातल्या यंत्राने त्याहून पाच टक्के जास्त बिट कोंबलेले असतात. अमिगाच्या लेखनाचा वेग ठरलेला, त्यामुळे लिहिता लिहिता शेवट सुरुवातीवर चढतो. मोटरचा वेग कमी केल्याशिवाय उपाय नाही. दुसरी गोष्ट रॉब नॉर्दन यांचे कॉपीलॉक. त्यात काही सेक्टरचे बिट किंचित आखूड, काही किंचित लांब लिहिलेले असतात. डेटा अगदी बरोबर वाचला जातो, पण गेम तो वाचायला किती वेळ लागला ते मोजतो. प्रतीत सगळे सेक्टर सारख्याच वेगाचे. तुमचा काळा पडदा बहुधा याच घरातला.

सायक्लोन नावाचे अडॅप्टर यासाठीच निघाले होते. पहिल्या ड्राइव्हचा सिग्नल कंट्रोलरला बाजूला ठेवून थेट दुसऱ्या ड्राइव्हकडे. पण दोन ड्राइव्हच्या वेगात थोडा जरी फरक असला, तरी ट्रॅकचा सांधा बिघडतो.

ग्रीसवीझल वेळच मोजत असल्याने हे दोन्ही प्रकार वाचते, आणि परत लिहितेही. वाचताना ०-७९ वर थांबू नका, ०-८१ घ्या. काही डिस्कवर खूण ८०व्या किंवा ८१व्या सिलिंडरवर असते. ८३च्या पुढे मात्र जाऊ नका, हेड अडसराला धडकते. सव्वापाच इंची ३६० केबीसाठी तसेच ०-४१.

कलम५२

कायद्याचा प्रश्न कुणी काढलेला नाही, पण निघणारच. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातले कलम ५२(१)(एए) १९९४च्या दुरुस्तीने आले. संगणक प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे ज्याच्या ताब्यात आहे, त्याला नुकसान किंवा नाश यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून बॅकअप घेता येतो, आणि तो मूळ हेतूसाठीच वापरायचा. २०१२ साली कलम ६५ए आले: हक्कांचे उल्लंघन करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षण भेदले, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्याच कलमात अपवादही आहे, कायद्याने स्पष्टपणे मनाई केलेली नाही अशा कामासाठी ते लागू नाही. थोडक्यात, स्वतःच्या मूळ डिस्कचा स्वतःपुरता बॅकअप ठीक. त्या प्रती जुन्या बाजारात विकायला ठेवणे अजिबात नाही.

अमेरिकेत १९८८ साली व्हॉल्ट विरुद्ध क्वेड हा खटला गाजला, तोही याच विषयाचा. व्हॉल्टचे प्रोलॉक म्हणजे चकतीच्या पृष्ठभागावरच केलेली पुसता न येणारी खूण, आणि क्वेडचे 'CopyWrite' नावाचे सॉफ्टवेअर त्याला चकवत असे. बॅकअपसाठी त्याचा वैध उपयोग आहे, असे अपील न्यायालयाने मानले.

हिशेबनीस

@फ्लक्सवाला, अर्धवट क्रॅकचा मुद्दा पटला. मग एक खरा प्रश्न. फ्लक्स वाचला, त्यात एरर दिसली. ती प्रोटेक्शनची आहे की डिस्क खराब झाली म्हणून, हे ओळखायचे कसे? प्रोटेक्शन समजून खराब डिस्क जपून ठेवली, तर बॅकअपला काही अर्थच नाही.

फ्लक्सवाला

धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. सविस्तर लिहितो.

आधी प्रत्येक ट्रॅकचे किमान तीन फेरे वाचा, जमल्यास पाच. फाइल मोठी होते, ३६० केबीच्या डिस्कची एससीपी फाइल (फ्लक्सच्या नोंदींची) तीन फेऱ्यांत वीस एमबीच्या आसपास. आज एवढी जागा किरकोळ आहे. अनेक फेरे असतील, तरच डेटा दर वेळी बदलतो का ते कळते.

मग फाइल एचएक्ससी या फ्लॉपी-प्रकल्पाच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकच्या चित्ररूपात उघडा. डीडी (दुप्पट घनतेच्या, म्हणजे ३६० केबी किंवा अमिगाच्या) एमएफएम ट्रॅकवर बदलांमधली अंतरे ४, ६ आणि ८ मायक्रोसेकंद अशा तीन पट्ट्यांत दिसतात. चांगल्या ट्रॅकवर पट्ट्या बारीक आणि स्वच्छ. आता एरर असलेला सेक्टर बघा. पट्ट्या स्वच्छ आहेत, पाचही फेऱ्यांत बिट तंतोतंत तेच आहेत आणि तरी सीआरसी चुकतो, तर तो चुकीचाच लिहिलेला आहे. हे प्रोटेक्शन. पट्ट्या फिस्कटलेल्या आहेत, मधेच धूसर होतात, तर नुकसान.

वीक बिटसुद्धा फिस्कटलेलेच दिसतात, तिथे जागा बघा. प्रोटेक्शन एका ट्रॅकवर असते, कडा नेमकी असते, शेजारचे ट्रॅक निरोगी असतात. ओरखडा किंवा बुरशी ट्रॅक मोजून बसत नाही. ती शेजारच्या पाच-सात ट्रॅकवर त्याच कोनात दिसते. चकतीवर प्रत्यक्ष डाग त्याच जागी सापडला, तर शंकाच उरत नाही.

शेवटी तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये वाचा. प्रोटेक्शन दोन्हीकडे सारखे येते. नुकसान एका ड्राइव्हमध्ये जास्त, दुसऱ्यात कमी.

एक खबरदारी: दोन वाचनांच्या एससीपी फाइलींचे चेकसम कधीच जुळत नाहीत. मोटरचा वेग क्षणाक्षणाला थोडा बदलतो, म्हणून वेळा वेगळ्या येतात. जुळवायचे ते सेक्टर काढून झाल्यावरच्या डेटाचे चेकसम.

सोल्डरगन

परत लिहिण्याबद्दल. ३६० केबीची डिस्क १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये वाचायला हरकत नाही, फक्त स्टेप २ सांगा, नाही तर प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचला जाईल. लिहायला मात्र तो ड्राइव्ह नको. १.२ एमबीच्या हेडचा ट्रॅक ०.१६ मिलिमीटर रुंद, ३६० केबीच्या हेडचा ०.३३. जुन्या डिस्कवर अरुंद हेडने लिहिले, की दोन्ही कडांना जुना डेटा शिल्लक राहतो, आणि खऱ्या एक्सटीचा रुंद हेड नवा-जुना एकत्रच वाचतो. १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये प्रत चालते आणि एक्सटीवर चालत नाही, ती यामुळे. चुंबकाने पूर्ण पुसलेली डिस्क घेतली तर चालून जाते. सगळ्यात चांगला उपाय खरा ३६० केबी ड्राइव्ह.

डिस्कही डीडीच हवी. सव्वापाच इंची एचडीची (जास्त घनतेची) कोअर्सिव्हिटी, म्हणजे चुंबकत्व बदलायला लागणारा जोर, सुमारे ६०० ओर्स्टेड, डीडीची सुमारे ३००. एचडी चकतीवर ३६० केबी लिहिले तर टिकत नाही. साडेतीन इंचीत फरक कमी आहे, एचडीचे भोक झाकून अमिगावर लिहिलेले बरेचदा चालते, पण बॅकअप म्हणून ठेवू नका.

पर्वतीपायथा

मग माझ्या तिसऱ्या प्रश्नाचे काय? फाइल की फ्लॉपी?

फ्लक्सवाला

बॅकअप म्हणजे फाइल. त्यावरून परत लिहिलेली फ्लॉपी ही वापरायची प्रत. वीक बिट असलेल्या डिस्कचा फ्लक्स जसाच्या तसा परत लिहिला, तर एकाच फेऱ्यातला योगायोग चकतीवर कायम होतो. मग तो दर वाचनाला बदलत नाही आणि तपासणी नापास. वीक जागा कुठे आहे हे फाइलीत नोंदलेले असेल, तरच ती परत नीट लिहिता येते. अमिगासाठी सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन सोसायटीचा आयपीएफ फॉरमॅट याच कामाचा. प्रोलॉकसारखी पृष्ठभागावरची खूण तर कोऱ्या डिस्कवर बनवताच येत नाही.

खेळून तपासायला इम्युलेटर वापरा: अमिगाला विनयूएई, कमोडोरला व्हाइस, पीसीला ८६बॉक्स. तपासणी तिथे पास झाली की वाचन बरोबर आहे असे समजायला हरकत नाही.

कॉपरलिस्ट

खऱ्या यंत्रावर खेळायचे असेल, तर गोटेक ड्राइव्हमध्ये (फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा, पेनड्राइव्हवरची फाइल वाचणारा) फ्लॅशफ्लॉपी हे सॉफ्टवेअर घालून एचएफई प्रकारची फाइल चालवा. लांब ट्रॅक आणि बहुतेक विचित्र फॉरमॅट चालतात. मूळ डिस्क पिशवीतच राहते.

निवांत_पेठकरी

सहमत नाही. गोटेकमध्ये ड्राइव्हचा आवाज नाही, डिस्क बदलायची वेळ नाही. जिथे प्रत चालते तिथे फ्लॉपी बनवावी, फाइलसोबत.

कॉपरलिस्ट

फाइल आधी घेतली असेल, तर माझी काही हरकत नाही.

पर्वतीपायथा

आता क्रम असा धरतो: खिडकीतून पाहणी, बुरशी असेल तरच सफाई, राइट प्रोटेक्ट, पाच फेऱ्यांचे फ्लक्स वाचन, पीसी ०-४१, अमिगा ०-८१. कमोडोर १५४१वरच, समांतर केबलसह. एक शंका उरली. १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये पिन २ चे काय करायचे?

सोल्डरगन

पिन २ ने ड्राइव्हला घनता सांगतात. ती पातळी चुकली तर काही ड्राइव्ह लिहिताना एचडीचा जास्त करंट देतात, काहींचा मोटरवेग ३६० वरून ३०० वर येतो किंवा येत नाही. कोणती पातळी म्हणजे डीडी, हे ड्राइव्हच्या जंपरवर ठरते. डिस्क घालून ग्रीसवीझलची आरपीएम (मिनिटाला फेरे) मोजायची आज्ञा द्या आणि पिन २ दोन्ही पातळ्यांवर ठेवून आकडा बघा. दोन्ही वेळा ३६० आला, तरी वाचनाला अडचण नाही, सॉफ्टवेअर वेळ मोजून घेते. चाचणी एखाद्या बिनकामाच्या डीडी डिस्कवर करा, मूळ गेमवर नको.